गेम बनवायला शिकायचे, तर कोणत्या कॉलेजात?

बारावीचा निकाल लागला की पालक शाळेत येतात. गुणपत्रिका हातात पडली की थोडा वेळ बाकावर बसतात आणि विचारतात, "मॅडम, आता पुढे काय करावं?" पूर्वी या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. डी.एड., फार्मसी, आयटीआय, इंजिनिअरिंग, नाहीतर पासपोर्ट काढून सरळ गल्फची वाट. अलीकडे मात्र दर वर्षी दोन-तीन घरांतून वेगळाच विषय येतो. मुलाला व्हिडिओ गेम बनवायला शिकायचे असते. कुठल्या तरी खासगी संस्थेचे चकचकीत माहितीपत्रक सोबत असते आणि तीन वर्षांची फी काही लाखांत असते. अब्बांना शंका असते, "खेळून कुणाचं पोट भरलंय?" अम्मीला दुसरीच काळजी असते, "एवढे पैसे भरले आणि काम नाही मिळालं तर?"

अब्बांच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. गेम बनवणे हा आज रीतसर व्यवसाय आहे आणि त्यातली काही कामे पुण्या-मुंबईतच होतात. अम्मीची शंका मात्र खरी आहे. हा लेख तिच्यासाठी आहे.

मी पालकांना एकच गोष्ट सांगते. कोर्सच्या नावात ‘गेम’ हा शब्द आहे की नाही, हे सगळ्यात शेवटी बघा. आधी तीन गोष्टी बघा. पदवी कोण देते? शिक्षणाचा पाया कशाचा आहे? आणि तिथे शिकताना मुलाच्या हातून किती गेम पुरे होऊन बाहेर पडतात?

खेळणे वेगळे, घडवणे वेगळे

आपल्या घरात कॅरम असतोच. हाच कॅरम मोबाइलवर आणायचा म्हटले तर काय काय लागेल, याचा विचार करा. स्ट्रायकर सोंगटीवर कोणत्या कोनात आदळला, सोंगटी किती वेगाने गेली, पावडर कमी असेल तर कुठे थांबेल, हे सगळे संगणकाला गणिताच्या भाषेत सांगावे लागते. हे प्रोग्रामरचे काम. लाकडाचा रंग, सोंगट्यांची चकाकी, बोर्डावरची नक्षी हे चित्रकाराचे काम. सोंगटी खड्ड्यात पडल्याचा तो ओळखीचा आवाज ध्वनी करणाऱ्याचा. राणी घेतली पण कव्हर पडले नाही तर काय, डाव किती वेळात संपावा, नवख्याला कंटाळा येऊ नये आणि कसलेल्याला सोपे वाटू नये, हे ठरवणारा तो गेम डिझायनर. शेवटी सगळे पुन्हा पुन्हा खेळून चुका शोधणारा टेस्टर आणि काम वेळेत पुरे करून घेणारा प्रोड्यूसर.

म्हणजे ‘गेम डेव्हलपर’ हा एक हुद्दा नाही. पाच-सहा वेगवेगळे हुनर एकत्र येतात तेव्हा एक गेम तयार होतो. आपल्या मुलाला यातले नेमके काय आवडते, हे कळल्याशिवाय कॉलेज निवडणे म्हणजे आजार न कळता औषध आणण्यासारखे आहे. रात्रभर गेम खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला तो बनवायला आवडेलच असे नाही. उलट जो मुलगा खेळता खेळता "इथं असं का केलं असेल?" म्हणून थांबतो, वहीत नकाशे काढतो, स्वतःचे नियम लिहितो, त्याच्याकडे लक्ष द्या.

काम कुठे आहे, आणि किती पक्के

लॉकडाऊनमध्ये आपल्यापैकी बहुतेक घरांत लुडो किंग खेळला गेला. तो नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणला. पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे आणि मुंबईचा २०१८ मध्ये सुरू झाला. ब्रिटनच्या सुमो कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००७ पासूनचा आहे. सुपरगेमिंग ही भारतीय कंपनीही पुण्याचीच. बेंगळुरूमध्ये १९९७ साली सुरू झालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी २०१९ मध्ये रॉकस्टारने विकत घेतली. हैदराबादमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे मोठे केंद्र आहे.

छोट्या गटांनीही नाव काढले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने ‘राजी’ नावाचा गेम बनवला. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणीने पैसे उभे करण्याचा प्रयत्न केला, तो अपुरा पडला. तरी काम सोडले नाही. २०२० मध्ये गेम बाहेर आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमसाठीच्या पुरस्काराच्या नामांकनांत पोहोचला.

आता दुसरी बाजू. हा धंदा सरकारी नोकरीसारखा नाही. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो लोकांना कमी केले. एकट्या मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या गेम विभागातील १९०० जागा कमी केल्या. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या प्रसिद्ध गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती. २०२० मध्ये तिची घोषणा झाली आणि २०२२ मध्ये ते काम कॅनडातील मॉन्ट्रियलकडे गेले. मोठे काम येते तसे जातेही.

हे सांगण्यामागे भीती घालण्याचा हेतू नाही. यातून कॉलेज निवडीचा पहिला नियम निघतो. जे शिक्षण फक्त गेमच्याच कंपनीत चालेल ते धोक्याचे. गेमचे दार बंद झाले तर दुसरे दार उघडेल असे शिक्षण हवे. प्रोग्रामिंग पक्के असलेला मुलगा बँकेच्या, दवाखान्याच्या, कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्येही काम करू शकतो. चित्र आणि थ्रीडी पक्के असलेली मुलगी जाहिरात, सिनेमा, वास्तुरचना, शालेय व्हिडिओ, कुठेही उभी राहू शकते.

पहिला रस्ता: संगणकाचा

ज्याला गणित आणि तर्क आवडतो त्याच्यासाठी हा सर्वांत भक्कम रस्ता आहे. बी.ई. किंवा बी.टेक. कॉम्प्युटर, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बीसीए यांपैकी काहीही चालेल. इंजिनिअरिंगसाठी बारावीला गणित आणि एमएचटी-सीईटी लागते. एआयसीटीईच्या मान्यतेखाली आलेल्या बीसीएसाठीही राज्यात २०२४ पासून सीईटी आहे, हे बऱ्याच घरांना अजून माहीत नसते आणि फॉर्मची तारीख निघून जाते. दहावीनंतर पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. कमी खर्चात पुढे जायचे असेल तर हा मार्ग चांगला.

मुले विचारतात, "मॅडम, गेममध्ये बारावीचं गणित कशाला?" आपल्याच पुस्तकातले सदिश, त्रिकोणमिती आणि मॅट्रिक्स काढून दाखवा. पडद्यावरची गाडी वळते ती त्रिकोणमितीने, चेंडू उसळतो तो सदिशांनी आणि कॅमेरा फिरतो तो मॅट्रिक्सने. जो हे धडे ‘ऑप्शनला टाकतो’ त्याला पुढे जड जाते.

यासाठी फार दूर जायची गरज नाही. मुंबईत भायखळ्याचे साबू सिद्दीक इंजिनिअरिंग कॉलेज, वांद्र्याचे रिझवी, नवीन पनवेलचे अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस, मालेगावला मन्सुरा येथील मौलाना मुख्तार अहमद नदवी टेक्निकल कॅम्पस ही आपल्या वाचकांच्या ओळखीची नावे. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत आपल्या मुलांसाठी राखीव जागा असतात. सीईटीचे गुण थोडे कमी पडले तरी तिथे संधी मिळू शकते, म्हणून पसंतीक्रम भरताना तो कोटा विसरू नका. अर्थात, कॉलेज आपल्या माणसांचे आहे एवढ्यावर प्रवेश घेऊ नका. पुढे दिलेले प्रश्न तिथेही विचारा.

या रस्त्याची एक उणीव आहे. इंजिनिअरिंग कॉलेजात गेम बनवणे सहसा शिकवत नाहीत. ते मुलाला स्वतः, सुट्टीत आणि मित्रांबरोबर शिकावे लागते. पण शिकण्याची साधने फुकट आहेत. युनिटी हे इंजिन शिकणाऱ्याला विनामूल्य मिळते, त्यात सी शार्प ही भाषा चालते. अनरिअलमध्ये सी प्लस प्लस चालते आणि त्यावर बनवलेल्या गेमची कमाई १० लाख डॉलरच्या वर गेली तरच वाटा द्यावा लागतो. गोडो हे इंजिन तर पूर्ण मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालते.

दुसरा रस्ता: चित्र आणि डिझाइनचा

जी मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड आणतात आणि तरी घरात "चित्रं काढून काय होणार?" हेच ऐकतात, त्यांच्यासाठी हा रस्ता आहे. बी.एफ.ए. उपयोजित कला किंवा बी.डेस. हे त्याचे दोन मोठे दरवाजे. बी.एफ.ए.साठी राज्यात वेगळी कला सीईटी असते. बी.डेस.साठी आयआयटी मुंबई दर वर्षी जानेवारीत यूसीड ही परीक्षा घेते. तिच्या गुणांवर आयआयटी मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद आणि जबलपूरची ट्रिपल आयटी अशा संस्थांत प्रवेश मिळतो. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की यूसीडला कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी बसू शकतो. आर्ट्सची मुलगी आयआयटीत जाऊ शकते, हे ऐकून पालकांना आधी खोटेच वाटते. मात्र ही परीक्षा सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते आणि फॉर्म आदल्या वर्षीच, दिवाळीच्या आसपास, भरावे लागतात. मे महिन्यात चौकशी करणाऱ्याचे वर्ष तिथेच जाते.

राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, आपली वेगळी प्रवेश परीक्षा घेते. तिथे डिजिटल गेम डिझाइन हा विषय पदवीनंतरच्या एम.डेस.ला आहे. म्हणजे बारावीलाच ‘गेम’चा कोर्स मिळाला नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. आधी चित्र, डिझाइन किंवा संगणकाची पदवी आणि मग गेम, हा क्रम अगदी चांगला आहे.

थ्रीडी शिकण्यासाठी ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. घरी बसून सुरुवात करता येते.

तिसरा रस्ता: गेमिंगचा खास कोर्स

आता माहितीपत्रकातल्या कोर्सकडे येऊ. हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू, पुणे, मुंबई येथे गेम डिझाइन, गेम आर्ट, गेम प्रोग्रामिंगचे खासगी कोर्स आहेत. त्यात काही चांगलेही आहेत. तिथे पहिल्या दिवसापासून गेमवरच काम होते आणि चित्रकार व प्रोग्रामर एकाच वर्गात भेटतात, हा मोठा फायदा. मुंबईत २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू झाली, तिथेही गेमिंगचे अभ्यासक्रम आहेत. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगासाठी धोरण मंजूर केले. दिवस बदलत आहेत यात शंका नाही. पण नव्या संस्थेतून मुले बाहेर पडून कामाला लागल्याशिवाय तिची पारख होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

याच रस्त्यावर घरे बुडण्याचाही धोका आहे. आमच्या शाळेतला एक हुशार मुलगा अशाच एका संस्थेत गेला. वडिलांचे छोटे गॅरेज. पहिल्या वर्षाची फी भरायला घरातले दागिने मोडले. दुसऱ्या वर्षी शिकवणारे दोघे सोडून गेले, त्यांच्या जागी आदल्याच वर्षी तिथून पास झालेला विद्यार्थी शिकवू लागला. शेवटी हातात आले ते संस्थेचे प्रमाणपत्र. त्यावर एमसीएला प्रवेश मिळेना, कारण ती पदवी नव्हतीच. मुलगा मेहनती होता, पण त्याला पुन्हा बाहेरून पदवी करावी लागली. तीन वर्षांचा पैसा आणि वेळ गेला तो गेलाच.

पदवी कुणाची?

म्हणून पहिला प्रश्न हा. ‘डिग्री प्रोग्राम’, ‘इंटरनॅशनल डिप्लोमा’, ‘इन असोसिएशन विथ’ असे शब्द माहितीपत्रकात असतात. त्यावर समाधान मानू नका. विचारा: पदवी प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल? ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का? यूजीसीच्या वेबसाइटवर मान्य विद्यापीठांची यादी असते आणि बनावट विद्यापीठांचीही असते. दोन्ही बघा. दुसरे असे की खासगी विद्यापीठाला बाहेरच्या संस्थांना संलग्नता देऊन त्यांच्यामार्फत पदव्या वाटता येत नाहीत. दुसऱ्या राज्यातले खासगी विद्यापीठ आणि आपल्या शहरातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची संस्था अशी जोडी दिसली की थांबा आणि त्या विद्यापीठालाच लेखी विचारा.

आणखी एक सोपी खूण. फीच्या पावतीवर १८ टक्के जीएसटी लावला आहे का ते पाहा. कायद्याने मान्य पदवीच्या शिक्षणावर जीएसटी लागत नाही, खासगी प्रशिक्षणावर लागतो. ‘डिग्री’ म्हणून सांगितलेल्या कोर्सच्या पावतीवर जीएसटी असेल तर त्याचा खुलासा मागा.

प्रमाणपत्राचा कोर्स वाईट असतो असे नाही. पदवी झाल्यावर किंवा पदवीबरोबर सहा महिन्यांचा, वर्षाचा कोर्स करणे उपयोगी पडते. पण पदवीच्या जागी तो घेऊ नये.

कॉलेजात जाऊन काय विचाराल?

फोनवर विचारू नका. मुलाला घेऊन प्रत्यक्ष जा आणि शक्यतो कॉलेज चालू असेल त्या दिवशी जा. मग हे विचारा.

१. शिकवणाऱ्यांपैकी कुणी बाजारात आलेल्या गेमवर काम केले आहे का? कोणत्या? गेम संपल्यावर सिनेमासारखी नावांची यादी येते. त्यात नाव सापडायला हवे.

२. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेले गेम दाखवा. व्हिडिओ नको, खेळायला द्या. तुमचा मुलगा दहा मिनिटे खेळला की त्याला बरेच कळेल.

३. एक विद्यार्थी कोर्स संपेपर्यंत किती गेम पुरे करतो? त्यातले गटाने किती? अर्धवट सोडलेल्या दहा गेमपेक्षा पूर्ण केलेला एक छोटा गेम मोलाचा.

४. लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते? घरी ताकदवान संगणक नसलेल्या मुलासाठी हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

५. दोन वर्षांपूर्वी पास झालेली मुले आज कुठे आहेत? ‘१०० टक्के प्लेसमेंट’ या फलकावर जाऊ नका. लिंक्डइनवर त्या कॉलेजचे नाव टाका, माजी विद्यार्थी शोधा, दोन-तीन जणांना अदबीने विचारा. मुले खरे सांगतात.

६. एकूण खर्च लेखी द्या. प्रवेश फी, डिपॉझिट, परीक्षा, वसतिगृह, सॉफ्टवेअर, पुढच्या वर्षीची वाढ, सगळे धरून.

७. प्रवेश रद्द केला तर किती परत मिळेल? आणि मूळ कागदपत्रे कुठेही ठेवून घेऊ देऊ नका. यूजीसीच्या नियमांनुसार उच्च शिक्षण संस्थेला मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत.

जिथे या प्रश्नांची उत्तरे हसतमुखाने मिळतात ते कॉलेज बरे. जिथे "आज सीट बुक करा, उद्या फी वाढेल" एवढेच ऐकू येते तिथून सलाम करून बाहेर पडा.

फी, सवलती आणि मुली

मान्य अभ्यासक्रम निवडण्याचा आणखी एक फायदा आहे, तो म्हणजे सवलती. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना मान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. प्रवेश मात्र सरकारच्या कॅप फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला किंवा खासगी विद्यापीठाला ही सवलत नाही. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ज्या नाहीत त्यांना अटी पूर्ण होत असल्यास ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र काढता येते. तरी दर वर्षी जुलैमध्ये तहसील कचेरीत धावपळ होते आणि एका कागदासाठी हक्क जातो. जातीचे, नॉन-क्रिमिलेयरचे, उत्पन्नाचे दाखले अकरावीतच तयार ठेवा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या राज्य शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरता येतो.

व्याजाच्या कर्जापासून दूर राहणाऱ्या घरांसाठी तर हा हिशोब अधिकच मोलाचा. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजची पदवी आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर, एवढ्यात भक्कम सुरुवात होते. वाचलेल्या पैशांतून एक चांगला संगणक घेता येतो.

मुलींबद्दल एक शब्द वेगळा. गेममधले बरेच काम चित्र, लेखन, आवाज आणि चाचणीचे असते. ते घराजवळ राहून, शांतपणे करता येण्यासारखे आहे. पण शिक्षणाची पहिली दोन-तीन वर्षे तिला सोबत्यांबरोबर, लॅबमध्ये बसून काम करायला मिळू द्या. "घरीच शिक, इंटरनेट आहे की" असे म्हणून तिला एकटे पाडू नका. गेम गटाने बनतो आणि गटात काम करायची सवय कॉलेजातच लागते.

रोजी आणि जुगार

काही वडीलधारे विचारतात, "ही कमाई हलाल आहे का?" प्रश्न रास्त आहे आणि मुलाने त्याला उत्तर शोधलेच पाहिजे. पैसे लावून खेळायचे रमी, पोकर आणि तशा ॲपमुळे कितीतरी घरे कर्जात गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व साध्या, शैक्षणिक खेळांना वेगळे काढून प्रोत्साहन देण्याचे ठरवले. म्हणजे जुगार आणि गेम यांतली रेषा आता कायद्यानेही आखली आहे. ज्या संस्थेचे ‘प्लेसमेंट’ अशा पैशांच्या ॲपवर उभे होते, तिथली ती नोकऱ्यांची यादी आता जुनी झाली. कॉलेजला हेही विचारून घ्या.

आणि चांगले काम किती वेगळे असू शकते तेही मुलांना दाखवा. ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ हा २०२३ चा गेम नवव्या शतकातल्या बगदादमध्ये घडतो. त्यात गोल नगर आणि बैतुल हिकमा पुन्हा उभे केले आहेत आणि इतिहास सांगणारा खास विभागही आहे. म्हणजे गेम कंपनीला इतिहास, वास्तुकला आणि भाषा जाणणारी माणसेही लागतात. उर्दू शिकलेल्या मुलाला स्वतःला कमी समजण्याचे कारण नाही. उजवीकडून डावीकडे जाणारी, अक्षरे जोडून लिहायची लिपी पडद्यावर नीट आणणे हे अवघड काम आहे. गोडो इंजिनात त्याची सोय २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत झाली. मराठी आणि उर्दू दोन्ही लिप्या जाणणारा मुलगा तिथे पटकन चूक पकडतो. इंग्रजी मात्र टाळता येणार नाही. शिकण्याचे बहुतेक साहित्य त्याच भाषेत आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने रोज एक पान इंग्रजी वाचण्याची सवय लावावी.

फी भरण्याआधी घरची परीक्षा

बारावीची परीक्षा संपते मार्चमध्ये आणि प्रवेश होतात जून-जुलैत. मधले तीन महिने हीच खरी प्रवेश परीक्षा समजा. मुलाला सांगा, गोडो डाउनलोड कर आणि एक लहानसा गेम पूर्ण करून दाखव. भिंतीवर आपटणारा चेंडू, दोन गाड्यांची शर्यत, कॅरमचा एक डाव, काहीही. अट एकच, घरातल्या कुणालाही, अगदी दादीजानलाही, न समजावता तो खेळता आला पाहिजे. मग तो इच डॉट आयओ या वेबसाइटवर टाक, तिथे पैसे लागत नाहीत. जमले तर पुढच्या जानेवारीत ग्लोबल गेम जॅममध्ये भाग घे. जगभर २००९ पासून होणाऱ्या या उपक्रमात अनोळखी माणसे गट करून दोन दिवसांत एक गेम बनवतात.

तीन महिन्यांत मुलगा कंटाळला तर त्याच्यावर रागावू नका. लाखो रुपये भरण्याआधीच त्याला ते कळले. आणि तो चेंडू उसळेना म्हणून रात्री जागून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असेल, पुस्तकातले त्रिकोणमितीचे पान स्वतःहून काढत असेल, तर त्याला नावे ठेवू नका. त्या तीन महिन्यांत त्याला काय आवडले ते विचारा. कोड लिहिणे आवडले तर संगणकाचा रस्ता, चित्रे आवडली तर डिझाइनचा. नियम आणि गोष्टी रचणे आवडले तर आधी या दोन्हींपैकी एक पदवी आणि नंतर गेम डिझाइन. मग ते सात प्रश्न एका कागदावर लिहून घ्या आणि मुलासोबत कॉलेज बघायला निघा. फीचे पैसे त्या दिवशी सोबत नेऊ नका.